व्यक्तिगत कर्तेपणाच्या मापनश्रेणीचे मराठी रूपांतर : दिंडोरी परिसरातील तरुणांच्या संदर्भात

आपल्या आयुष्याची दिशा आपण ठरवू शकतो ही जाणीव आणि तदनुसार वागण्याची क्षमता, यांस मानसशास्त्रात व्यक्तिगत कर्तेपण म्हणता येईल. ('कर्तृत्व' हा शब्द हेतुतः टाळला आहे, मराठीत तो पराक्रमाकडे झुकतो.) जेम्स कोटे यांच्या मापनश्रेणीत आत्मसन्मान, जीवनहेतू, अंतर्गत नियंत्रण-केंद्र व अहंबल या घटकांचा समावेश होतो. तिचे तुर्की रूपांतर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. असे रूपांतर मराठीत करताना येणाऱ्या अडचणींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठीस कसोट्यांचे रूपांतर नवे नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटीचे मराठी व कन्नड रूपांतर केले. त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु बुद्धिमापनात उत्तर बरोबर की चूक हे तरी ठरविता येते. व्यक्तिमत्त्वमापनात ती सोय नाही.

पहिली अडचण व्याकरणाची आहे. तुर्की भाषेत व्याकरणिक लिंग नाही. मराठीत 'मी निर्णय घेतो' आणि 'मी निर्णय घेते' अशी दोन विधाने होतात. केवळ पुल्लिंगी रूप छापल्यास विद्यार्थिनीस ते विधान परके वाटते. शिवाय आपण 'लग्न ठरले', 'कॉलेज सोडावे लागले' असे सहज बोलतो. या वाक्यांत कर्ता दिसत नाही, म्हणून बोलणाऱ्याजवळ कर्तेपण नाही असे मानणे चुकीचे ठरेल. उलट-अनुवादाने शब्दार्थाची चूक सापडते. ही चूक सापडेलच असे नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. 'माझे यश माझ्या हातात नसलेल्या गोष्टींवर अवलंबून असते' या विधानास द्राक्षबागायतदाराचा मुलगा होकार देईल. अवकाळी पावसाने वा गारपिटीने तयार घड गेल्याचे त्याने पाहिलेले असते. गुणदानात हा होकार बाह्य नियंत्रणाचा, म्हणजे उणिवेचा मानला जाईल. वस्तुतः ते अनुभवाधारित विधान आहे. हाच मुलगा छाटणीची तारीख विचारपूर्वक निश्चित करतो! यास्तव अभ्यास, व्यवसाय, विवाह व शेती यांविषयी स्वतंत्र विधाने असावीत.

क्रॉनबाख अल्फा समाधानकारक आला म्हणजे श्रेणी सप्रमाण झाली, असा समज आपल्याकडे आढळतो. अल्फा केवळ अंतर्गत सुसंगती दर्शवितो. घटकरचनेची पडताळणी आणि स्थानिक मानके होईपर्यंत अशा गुणांवरून विद्यार्थ्यास समुपदेशनात 'परावलंबी' ठरविणे अन्यायाचे होईल. तालुक्याच्या पश्चिम भागातील आदिवासी विद्यार्थ्यांच्या घरची बोली प्रमाण मराठीहून वेगळी असते. विधाने निश्चित करण्यापूर्वी ती त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत आणि त्यांतून काय समजले, हे त्यांच्याच शब्दांत नोंदवावे.