उरलेल्या दृष्टीचा हिशेब

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, चष्म्याचा क्रमांक बदलून झाला, थेंबही चालू आहेत. तरी समोरचे धूसरच राहते. ‘आता याहून अधिक काही होणार नाही’ हे वाक्य मग घरात अखेरचे मानले जाते आणि ज्येष्ठ व्यक्ती हळूहळू स्वयंपाकघरापासून, बँकेच्या व्यवहारापासून, स्वाध्यायाच्या पुस्तकापासून दूर होत जाते. वस्तुतः ते वाक्य औषध व शस्त्रक्रियेपुरतेच खरे असते. अल्पदृष्टी पुनर्वसनाचे काम तेथून पुढे सुरू होते.

पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनने हडपसरजवळ महंमदवाडी येथे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय उभारले. अंधांसाठी झटणाऱ्या संस्थेने डोळ्यांचे रुग्णालय चालवावे, हे अर्थपूर्ण आहे. कारण डोळस आणि अंध यांच्या मधला प्रदेश फार विस्तीर्ण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो आकड्यांत बांधला : उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी ते ३/६० पर्यंत, अथवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी ते १० अंशांपर्यंत, म्हणजे अल्पदृष्टी. प्रमाणपत्रासाठी आकडा हवाच. मात्र माणूस दिवसभर काय करू शकतो, हे त्यातून कळत नाही.

दृष्टिपटलाचा मध्यबिंदू झिजलेल्या आजींना समोरच्याचा चेहरा ओळखता येत नाही, पण लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीतून त्या वाट काढतात. बोलताना त्या किंचित बाजूला पाहतात. तो दुर्लक्षाचा भाग नसून शाबूत कडेने पाहण्याची त्यांच्या डोळ्यांनी शोधलेली युक्ती असते. याउलट रेटिनायटिस पिगमेंटोझा झालेला तरुण वर्तमानपत्र सहज वाचतो आणि पायरीला अडखळतो, कारण त्याला नळीतून पाहावे तेवढेच दिसते. ‘वाचता येते, मग पायरी कशी दिसत नाही?’ हा घरच्यांचा संशय त्याला आजारापेक्षा अधिक बोचतो.

म्हणून कार्यात्मक दृष्टीच्या तपासणीत पहिला प्रश्न असतो : आपल्याला काय करायचे आहे? धनादेशावर सही, गोळ्यांच्या पाकिटावरील नाव, तांदूळ निवडणे, एकट्याने बसने जाणे; उत्तर बदलले की तपासणीही बदलते. अक्षरांच्या तक्त्याबरोबर फिकेपणाची कसोटी घेतात. १९८८ च्या पेली-रॉबसन तक्त्यावर अक्षरांचा आकार एकच राहतो, रंग मात्र फिका होत जातो. पांढऱ्या कपातील दूध का सांडते, याचे उत्तर अनेकदा येथे मिळते आणि उपाय गडद कपाइतका स्वस्त असतो. पायरीच्या कडेला ओढलेला पिवळा पट्टाही असाच.

भिंगाचा प्राथमिक अंदाज साध्या भागाकाराने येतो. दृष्टी ६/६० असेल तर ६० भागिले ६, म्हणजे १० डायॉप्टर. पण अशा भिंगातून वाचताना पुस्तक डोळ्यांपासून जेमतेम १० सेंटिमीटरवर धरावे लागते. हात थरथरत असेल, तर गणित बरोबर असूनही भिंग कपाटात पडून राहते. तेथे पानावर ठेवता येणारे स्टँडचे भिंग आणि खांद्यामागून येणारा दिवा अधिक उपयोगी ठरतो.

तपासणीला जाताना जुना चष्मा, पासबुक, औषधांचे पाकीट आणि रोजचे पुस्तक बरोबर न्यावे. सोबत गेलेल्या मुलाने किंवा सुनेने घरातील अडचणी अवश्य सांगाव्यात. परंतु ‘काय करायचे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर आईला स्वतःला देऊ द्यावे.