सगळ्यात खाली कोण बसलंय?

मे २०१५ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरवाल्यांची झोप एका फ्लॉपी ड्राइव्हने उडवली. तोवर फ्लॉपी वापरणारा माणूस शोधूनही सापडला नसता आणि हा ड्राइव्ह तर मुळात अस्तित्वातच नव्हता. आभासी यंत्रं चालवणाऱ्या ‘क्यूएमू’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये फ्लॉपी कंट्रोलरची नक्कल करणारा थोडा कोड २००४ पासून पडून होता. त्याला विशिष्ट आज्ञा पाठवत राहिलं की बफर ओसंडायचा आणि भाड्याच्या आभासी यंत्रात बसलेल्या कोणालाही तिथून बाहेर पडून खालच्या खऱ्या यंत्रात शिरायची वाट मिळू शकत होती. म्हणजे त्याच यंत्रावर शेजारी ज्यांचं काम चाललं होतं, त्यांच्या माहितीपर्यंतही. या दोषाला ‘व्हेनम’ नाव पडलं. कहर म्हणजे काही ठिकाणी फ्लॉपी ड्राइव्ह बंद करून ठेवला, तरी दुसऱ्याच एका चुकीमुळे तो कोड चालूच राहत होता.

क्लाउड म्हटलं की आपल्यासमोर जागा, वेग, पैसे वगैरे गोष्टी येतात. व्हेनमने दाखवलं ते वेगळंच. या सगळ्या डोलाऱ्यात खरा प्रश्न एकच असतो: सर्वांत खालच्या थरावर ताबा कोणाचा? मोबाइलशी खटपटी करणारे हौशी लोक वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारत आलेत, फक्त त्यांचं यंत्र खिशात मावतं.

ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपलं क्लाउड केंद्र सुरू केलं. तिथे तुम्ही ‘सर्व्हर’ घेता तेव्हा कोणी उठून रॅकमध्ये नवीन खोका बसवत नाही. आधीच चालू असलेल्या एका तगड्या यंत्राचा तुकडा तुमच्या नावावर होतो. त्या तुकड्यात चालणाऱ्या लिनक्सला किंवा विंडोजला वाटतं, प्रोसेसर माझा, मेमरी माझी, डिस्क माझी. ही समजूत टिकवून धरणाऱ्या खालच्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात.

कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या केंद्रात रॉबर्ट क्रीसी आणि सहकाऱ्यांनी १९६४ च्या सुमारास ती मांडली. तेव्हा एकच महागडा संगणक अनेकांनी वाटून घ्यायचा प्रश्न सगळ्यांनाच छळत होता. बाकीचे लोक त्यासाठी अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत बसले होते. क्रीसींच्या गटाने प्रत्येकाला एक अख्खा, पण आभासी, संगणकच देऊन टाकायचं ठरवलं. सुधारित सिस्टिम/३६० मॉडेल ४० वर त्यांच्या सीपी-४० ने एका वेळी १४ आभासी यंत्रं चालवली. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० बाजारात आणलं. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये, एखादं यंत्र असं वाटून देता यावं म्हणून त्याच्या अंगी काय असावं लागतं, याचा नियमच लिहून ठेवला.

साध्या भाषेत नियम असा. प्रोसेसरच्या काही आज्ञा नाजूक असतात, साऱ्या यंत्राची स्थिती बदलणाऱ्या किंवा उघड करणाऱ्या. आभासी यंत्रात चालणाऱ्या, म्हणजे पाहुण्या, सिस्टिमने अशी आज्ञा दिली की प्रोसेसरने तिथेच थांबून हायपरवायझरला हाक मारली पाहिजे. हायपरवायझर मग खोटं पण पटेल असं उत्तर देतो आणि पाहुणा पुढे जातो.

आपल्या घरोघरी पोचलेल्या इंटेलच्या प्रोसेसरने नेमका हाच नियम मोडला होता. त्यात ‘पॉप-एफ’ नावाची आज्ञा आहे. इंटरप्ट बंद-चालू करणारा झेंडा तिने हलवता येतो. पुरेसा अधिकार नसलेल्या प्रोग्रॅमने तो हलवायला सांगितलं, तर प्रोसेसर ना तक्रार करतो, ना हाक मारतो. तो ती सूचना चक्क गिळून टाकतो. पाहुण्याला वाटतं काम झालं, हायपरवायझरला पत्ताच नाही. पेंटियममध्ये अशा १७ आज्ञा निघाल्या. त्यामुळे या जातीच्या प्रोसेसरवर आभासी यंत्र नीट चालणार नाही, असं जाणकार धरून चालले होते.

स्टॅनफर्डचे मेंडेल रोझेनब्लम, त्यांच्या पत्नी डायान ग्रीन आणि आणखी तिघांनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी काढली ती हा समज खोटा पाडूनच. त्यांचं सॉफ्टवेअर पाहुण्या सिस्टिमचा गाभ्यातला कोड चालण्याआधी वाचायचं, त्यातल्या चोरट्या आज्ञा हेरायचं, त्या जागी आपल्या आज्ञा घालायचं आणि हा दुरुस्त मजकूर प्रोसेसरला द्यायचं. हे सगळं चालता चालता आणि वापरणाऱ्याला फारसं जाणवणार नाही इतक्या वेगात. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतल्या सॉफ्टवेअरमधल्या सर्वांत देखण्या करामतींपैकी ही एक. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात घडलेल्या झेनने २००३ मध्ये सोपा रस्ता धरला: पाहुण्यालाच थोडं बदलायचं, म्हणजे तो चोरट्या आज्ञा वापरणारच नाही. ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये तासाला १० सेंट दराने यंत्रं भाड्याने द्यायला सुरुवात केली, ती झेनवरच.

त्याआधीच, २००३ मध्ये, व्हीएमवेअरनेही एक चमत्कार विकायला काढला होता. चालू आभासी यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं आणि वापरणाऱ्याला कळूही द्यायचं नाही. आधी सगळी मेमरी नव्या सर्व्हरवर उतरवतात. तोवर यंत्र चालूच असल्याने मेमरीची काही पानं बदललेली असतात, मग तेवढीच पुन्हा. त्या वेळात आणखी थोडी बदलतात, ती पुन्हा. फेऱ्यागणिक उरलेली पानं कमी होतात आणि अगदी मोजकी राहिली की यंत्र क्षणभर गोठवून ती शेवटची पानं नेतात आणि पलीकडे यंत्र पुन्हा चालू करतात. डेटा सेंटरमधला एखादा सर्व्हर दुरुस्तीला काढायचा असला, तर त्यावरची बिऱ्हाडं अशी भरदिवसा हलतात.

प्रोसेसर बनवणाऱ्यांनी चूक सुधारायला वेळ लावला. इंटेलने २००५ च्या अखेरीस आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच हायपरवायझरसाठी खास जागा केली. तोवर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा ‘रिंग शून्य’वर, सर्वाधिकारी म्हणून बसत असे. त्याच्याही खाली हा नवा थर आला. अभियंते त्याला गमतीने ‘रिंग उणे एक’ म्हणतात. याच्या आधारावर लिहिलेलं केव्हीएम हे हायपरवायझर फेब्रुवारी २००७ मध्ये थेट लिनक्सच्या गाभ्यात दाखल झालं. आणि इथून गोष्ट मोबाइलकडे वळते, कारण अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे.

मोबाइलच्या हौशी लोकांची परंपरा मोठी रंगतदार. २००९ मध्ये विंडोज मोबाइलसह विकल्या गेलेल्या एचटीसी एचडी२ वर लोकांनी अँड्रॉइड चढवलं, विंडोज फोन ७ चढवलं, उबुंटूसुद्धा चालवून दाखवलं. सायनोजेनमॉड हे अँड्रॉइडचं पर्यायी रूप आलं, २०१६ च्या अखेरीस बंद पडलं आणि त्याच कोडमधून लिनिएज-ओएस उभं राहिलं. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक फोनना त्यामुळे पुढची वर्षं लाभली.

या सगळ्याची किल्ली बूटलोडर. फोन सुरू होताना तो पुढच्या सॉफ्टवेअरवरची सही तपासतो. तो अनलॉक केला की तुम्ही हवी ती रॉम, म्हणजे सिस्टिम, फ्लॅश करू शकता, पण त्याच क्षणी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. अनेकांना हा खोडसाळपणा वाटतो. तसा तो नाही. पुसला नसता, तर चोराने तुमचा फोन अनलॉक करून आपली सिस्टिम चढवली असती आणि तुमचे फोटो वाचत बसला असता. सॅमसंगने त्यावर कडी केली. अनेक गॅलेक्सी फोनमध्ये परकी सिस्टिम चढवली की चिपमधला एक फ्यूज कायमचा जळतो आणि नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेच्या काही सोयी पुन्हा कधीच मिळत नाहीत. हे मला अती वाटतं. विकत घेतलेल्या वस्तूवर ग्राहकाने केलेल्या बदलाची शिक्षा जन्मठेपेची असू नये.

बूटलोडर उघडून फोन रूट केला की आपण मालक, असं या मंडळींचं गणित होतं. एआरएम प्रोसेसरमध्ये ॲप सर्वांत कमी अधिकाराच्या पातळीवर असतात, गाभा त्याखाली, हायपरवायझर आणखी खाली. रूट म्हणजे गाभ्याच्या पातळीपर्यंत मजल. त्याखालची खोली फोनमध्ये बरीच वर्षं दुर्लक्षित होती. २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ बरोबर गूगलने तिथे केव्हीएमची कडक आवृत्ती आणून बसवली. तिची खासियत अशी की फोन सुरू झाल्यावर अँड्रॉइडचा स्वतःचा गाभाही तिच्यासाठी परका ठरतो. संरक्षित आभासी यंत्राची मेमरी त्या गाभ्यालाही वाचता येत नाही. गाभा कोणी फोडला, तरीही नाही.

हौशी लोकांनी अर्थातच पहिल्या काही दिवसांतच दार ढकलून पाहिलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ ची चाचणी आवृत्ती आली आणि एका डेव्हलपरने पिक्सेल ६ वर आभासी यंत्रात विंडोज ११ चालवून त्यावर ‘डूम’ खेळून दाखवला. मार्च २०२५ पासून तर गूगलनेच पिक्सेलच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये लिनक्स टर्मिनल दिलंय. ते आत डेबियनचं पूर्ण आभासी यंत्र चालवतं. त्यासाठी रूट लागत नाही की बूटलोडरला हात लावावा लागत नाही. क्वालकॉमच्या चिपवर मात्र त्या खालच्या थरात बहुधा कंपनीचा स्वतःचा हायपरवायझर, गुन्याह, ठाण मांडून असतो. केव्हीएमला जागाच उरत नाही. त्यामुळे किंमत मोजून घेतलेल्या अनेक फोनमध्ये ताकद भरपूर असूनही डेबियन चालत नाही. फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजणाऱ्या हौशी माणसाने हेही विचारायला हवं.

करून बघायची खुमखुमी असेल, तर सुरुवात संगणकापासून करा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडलं की ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर ‘एनेबल्ड’ दिसायला हवं. दिसलं नाही, तर बायोसमध्ये जाऊन ते चालू करा. फुकट मिळणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये डेबियन टाका, स्नॅपशॉट घ्या आणि मग बिनधास्त मोडतोड करा. एका क्लिकमध्ये सगळं पूर्ववत होतं. फोनवरचे प्रयोग ड्रॉवरमध्ये पडलेल्या जुन्या हँडसेटवर करा. ज्या फोनवरून यूपीआयने दूधवाल्याचे पैसे जातात, त्याचा बूटलोडर कृपा करून उघडू नका.