औषधी गांजा आणि मतदाराची सदसद्विवेकबुद्धी

‘गांजा’ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे चिलीम आणि उद्ध्वस्त झालेले संसार उभे राहतात. त्यामुळे अमेरिकेतील एखाद्या शहराने गांजाच्या बाजूने कौल दिला असे ऐकले की, ते नैतिक अधःपतनाचेच लक्षण होय, असा निष्कर्ष काढण्याकडे आपला कल असतो. ज्यांचे आप्त तिकडे स्थायिक आहेत, अशा कुटुंबांतून धर्मगुरूंकडे व धर्मशिक्षकांकडे प्रश्न येतो : ख्रिस्ती मनुष्याने अशा प्रस्तावास मत द्यावे काय? उत्तर देण्यापूर्वी मतदारांना नेमके काय विचारले गेले होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

नोव्हेंबर १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ‘प्रपोझिशन पी’ हा ठराव मतास टाकण्यात आला. कॅलिफोर्निया राज्याने व तेथील वैद्यक संघटनेने गांजापासून केलेली औषधे उपलब्ध औषधांच्या यादीत पुन्हा समाविष्ट करावीत, आणि ती रुग्णास लिहून देणाऱ्या परवानाधारक डॉक्टरांना शिक्षा होऊ नये, एवढाच त्याचा आशय होता. यातील ‘पुन्हा’ हा शब्द महत्त्वाचा. कारण १९४२ मध्ये वगळले जाईपर्यंत हे औषध अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशात होते. ठराव केवळ शिफारशीचा होता. त्याने कायदा बदलला नाही. तरीही सुमारे ८० टक्के मतदारांनी त्यास अनुकूल मत दिले.

एवढा कौल मिळाला तो एड्समुळे. परिणामकारक संयुक्त औषधोपचार १९९६ च्या सुमारास आला. तत्पूर्वी भूक मरून, उलट्या होऊन, शरीराचा सांगाडा होऊन त्या शहरातील तरुण माणसे मरत होती. गांजातील मुख्य द्रव्याची कृत्रिम कॅप्सूल १९८५ पासून कर्करोगाच्या उपचारात मळमळीवर मान्य होती. पण ज्याच्या पोटात पाणी ठरत नाही, त्याच्या पोटात कॅप्सूल ठरावी कशी? धुराचा परिणाम काही मिनिटांत होई, आणि पुरेसे वाटताच रुग्णास थांबता येई. ठरावाचे प्रवर्तक डेनिस पेरॉन यांचे सहचर जोनाथन वेस्ट १९९० मध्ये याच रोगाने वारले होते. मेरी रॅथबन या वृद्ध स्वयंसेविका गांजा घातलेले केक भाजून सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलमधील एड्सच्या रुग्णांना देत. गांजाच्या या केकांपायी त्यांना अटकही झाली. पेरॉन हे पूर्वीपासून गांजाचे विक्रेते होते, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु ठरावाची योग्यता प्रवर्तकाच्या चारित्र्यावरून तोलावयाची नसते.

नीतीच्या दृष्टीने पाहता, २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात पोप पायस बारावे यांनी, वेदना शमविण्यासाठी गुंगी आणणारी औषधे घेणे ख्रिस्ती रुग्णास मना नाही, हे स्पष्ट केले. क्रुसावर खिळण्यापूर्वी प्रभूने गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला (मार्क १५:२३), म्हणून रुग्णानेही नाकारावे, असा युक्तिवाद अधूनमधून कानी पडतो. प्रभूचा नकार स्वेच्छेचा होता. दुसऱ्याच्या रुग्णशय्येवर लादण्याचा तो नियम नव्हे. कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २२९१) मादक द्रव्यांचे सेवन गंभीर दोष मानतो, पण निव्वळ उपचारार्थ केलेल्या सेवनाचा अपवाद त्याच वाक्यात करतो. तिमथीला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगणारा पौल मद्यपींना फटकारण्यास कचरत नाही, हेही ध्यानी घ्यावे.

माझ्या मते खरी अडचण तत्त्वाची नसून शब्दरचनेची आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये संपूर्ण राज्यापुढे आलेला ‘प्रपोझिशन २१५’ सुमारे ५६ टक्के मतांनी संमत झाला. त्यात कर्करोग, एड्स, काचबिंदू इत्यादी रोगांची नावे होती, पण शेवटी ‘गांजाने आराम पडेल असा अन्य कोणताही आजार’ अशा अर्थाची पुस्ती होती, आणि डॉक्टरांची तोंडी शिफारसही पुरेशी होती. एवढ्या रुंद दारातून केवळ रुग्णच आत येतील, असे मानणे भाबडेपणाचे होते. १९९१ च्या ठरावास निःसंकोच पाठिंबा देता येतो. १९९६ च्या प्रस्तावास रुग्णांकडे पाहून, पण कचरत. करमणुकीसाठी गांजा खुला करणारा २०१६ चा प्रस्ताव हा सर्वस्वी निराळा विषय होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१७ च्या अहवालात प्रौढांच्या जुनाट वेदना, केमोथेरपीच्या उलट्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधील स्नायूंचा ताठरपणा यांवरील उपयोगास भक्कम पुरावा मान्य केला. त्याच अहवालाने गांजासेवनाचा मनोविकृतीशी असलेला संबंधही नोंदविला.

मतपेटीने सर्व काही सुटत नाही. जून २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी असा निर्णय दिला की, राज्याने मुभा दिली तरी केंद्रीय कायद्याची बंदी रुग्णालाही लागू राहते. चर्चच्या बोलण्यासही तेथे मर्यादा आहेत : करमुक्त संस्थेस उमेदवाराचा प्रचार वर्ज्य, पण प्रस्तावाविषयी मर्यादेत राहून मत मांडता येते. एपिस्कोपल चर्चच्या महासभेने तर १९८२ मध्येच डॉक्टरांच्या निर्णयानुसार होणाऱ्या औषधी वापरास पाठिंबा दिला होता.

आपल्याकडे असा प्रश्न मतदानाने सुटत नाही. १९८५ च्या मादक द्रव्यविषयक केंद्रीय कायद्यान्वये चरस व फुलोऱ्याचा गांजा निषिद्ध आहेत. शेंड्यांवाचून असलेली पाने व बिया मात्र त्याच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणूनच मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने दिसतात. तेव्हा परदेशातील आप्ताने आणलेला औषधी गांजा तेथील डॉक्टरांच्या चिठ्ठीने येथे कायदेशीर ठरत नाही, हे कुटुंबांना वेळीच सांगून ठेवावे.