पुढच्या दोन दातांमधली फट

मागच्या महिन्यात वर्ग सुटल्यावर तिसरीतल्या एका मुलीच्या आईने मला गाडीपाशी गाठले. "अहो, हिच्या पुढच्या दातांत केवढी फट आहे! ब्रेसेस कधी लावायच्या?" मुलगी तोंडावर हात ठेवून उभी. मी दंतवैद्य असल्याने असे प्रश्न मला पार्किंग लॉटमध्येच येतात. तिथे नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

मुलांनो, साधारण ७ ते ११-१२ वर्षांपर्यंत वरच्या पुढच्या दातांत फट असणे बहुधा नैसर्गिक असते. पक्के दात आले तरी वरचे सुळे अजून हाडातच असतात. ते शेजारच्या दातांच्या मुळांवर दाबतात आणि दात पंख्यासारखे फाकतात. सुळे खाली उतरले की फट बरेचदा आपोआप मिटते. इंग्रजीत या वयाला चक्क 'कुरूप बदकाच्या पिल्लाची अवस्था' म्हणतात. (ती गोष्ट ठाऊक आहे ना?) सातव्या वर्षापर्यंत ऑर्थोडॉन्टिस्टना एकदा दाखवावे, असे त्यांची अमेरिकन संघटना सांगते. पण दाखवणे म्हणजे लगेच तारा लावणे नव्हे!

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. इंटरनेटवर पाहून काही मुले दोन दातांभोवती रबर बँड अडकवतात. दात मुळाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे बँड हळूहळू वर सरकून हिरडीखाली जातो आणि दिसेनासा होतो. आपल्याला वाटते, पडला असेल कुठेतरी. तो मात्र आत राहून मुळाभोवतीचे हाड खात जातो. अशाने चांगले, न किडलेले दात हलून पडलेले आहेत. बँड अडकवला असेल आणि सापडत नसेल तर आईबाबांना त्याच दिवशी सांगा. रागावतील, रागावू देत.

सुळे येऊनही फट राहिली तर आधी कारण शोधावे लागते. कधी वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी पट्टी जाड असते, ती छोट्या शस्त्रक्रियेने सोडवतात, तीही शक्यतो दात जवळ आणल्यानंतर. कधी बाजूचे दात लहान असतात किंवा उगवलेलेच नसतात. आणि पालकांनो, चाळिशीनंतर नव्याने फट पडू लागली तर ती हिरड्यांच्या रोगाची खूण असू शकते. तिथे आधी हिरड्यांवर उपचार, फटीचे नंतर.

दात सरकवायचे तर ब्रेसेस किंवा पारदर्शक अलाइनर. पुढे रिटेनर वापरावाच लागतो, नाहीतर फट पुन्हा उघडते. दात न सरकवता बाँडिंगने, म्हणजे दाताच्या रंगाचे मिश्रण लावून, फट एका बैठकीत भरता येते. मात्र त्यावर चहाचे डाग पडतात, टवका उडू शकतो. व्हिनीअरसाठी बहुधा दात थोडा घासावा लागतो आणि घासलेला दात परत येत नाही. मुलांसाठी तो पर्याय नाहीच.

"सुट्टीत इंडियात स्वस्तात करून घेऊ का?" हाही नेहमीचा प्रश्न. बाँडिंग होईल. ब्रेसेस महिनाभरात होत नाहीत. दर चार ते आठ आठवड्यांनी तपासणी लागते, तीही बरेच महिने.

आणि काहीच न करणे हाही पर्याय आहे. फुटबॉलपटू मायकेल स्ट्रेहानची फट साऱ्या अमेरिकेला माहीत आहे. २०२१ मध्ये त्याने ती बुजवल्याचा व्हिडिओ दाखवला, तो एप्रिल फूल निघाला!

शंका असल्यास जरूर विचारा. फक्त वर्ग चालू असताना नको, बाईंनी बजावले आहे.