बेसबॉलमधील पंचांचा कल आणि धावसंख्येवरील पैजा

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या सामन्यात एकूण किती धावा होतील, यावर पैज लावणारे अनेक जण संघ, पिचर आणि हवामान यांच्याबरोबरच आणखी एका व्यक्तीचा विचार करतात. ही व्यक्ती म्हणजे होम प्लेटमागे उभा राहणारा पंच. काही पंच पिचरला झुकते माप देतात, काही फलंदाजाला, आणि त्याचा परिणाम धावसंख्येवर होतो, असा त्यांचा दावा असतो. हा दावा निराधार नाही. मात्र त्याच्या बळावर पैसे मिळविता येतात, हा समज आकडेवारीच्या कसोटीवर फारसा टिकत नाही.

एकूण धावांवरील पैज समजण्यास सोपी आहे. पैजा स्वीकारणारी कंपनी दोन्ही संघांच्या मिळून धावांचा एक आकडा जाहीर करते. तो साडेआठ असेल, तर नऊ किंवा त्याहून अधिक धावा होतील की आठ किंवा त्याहून कमी, एवढेच सांगायचे असते. सामना कोण जिंकतो, याच्याशी या पैजेचा संबंध नसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ रोजी क्रीडा पैजांना अटकाव करणारा केंद्रीय कायदा रद्द ठरविला आणि त्यानंतर तेथील अनेक राज्यांनी या व्यवसायाला मान्यता दिली. भारतात मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना प्रतिबंध केला आहे.

पंचाच्या हाती काय असते?

बेसबॉलची होम प्लेट १७ इंच रुंद असते. या रुंदीतून आणि फलंदाजाच्या गुडघ्याच्या वाटीखालपासून खांदे व कंबर यांच्या मध्यापर्यंतच्या उंचीतून जाणारा चेंडू, फलंदाजाने बॅट फिरविली नाही तरी, 'स्ट्राइक' ठरतो. या चौकटीला स्ट्राइक झोन म्हणतात. तिच्या बाहेरून गेलेला आणि न खेळलेला चेंडू 'बॉल' ठरतो. तीन स्ट्राइक झाल्यास फलंदाज बाद होतो, तर चार बॉल झाल्यास त्याला पहिला बेस आयता मिळतो.

एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सुमारे तीनशे चेंडू टाकले जातात. त्यांपैकी जवळपास निम्म्यांवर फलंदाज बॅट फिरवीत नाही. त्या प्रत्येक चेंडूचा निर्णय पंचाला क्षणार्धात द्यावा लागतो. बहुतेक निर्णय उघड असतात, वाद असतो तो कडेच्या चेंडूंचा. एक बॉल आणि एक स्ट्राइक झाल्यानंतरचा कडेचा चेंडू स्ट्राइक ठरला, तर फलंदाज बचावात जातो. तोच बॉल ठरला, तर पिचरवर दडपण येते. असे निर्णय सातत्याने एका बाजूला झुकले, तर धावा कमी-अधिक होणे स्वाभाविक आहे.

याचे बहुचर्चित उदाहरण १२ ऑक्टोबर १९९७ चे आहे. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतील पाचव्या सामन्यात फ्लोरिडा मार्लिन्सचा तरुण पिचर लिव्हान हर्नांडेझ याने अटलांटा ब्रेव्हजच्या १५ फलंदाजांना स्ट्राइकवर बाद केले. प्लेटमागे एरिक ग्रेग हे पंच होते. प्लेटपासून बरेच दूर गेलेले चेंडूही त्यांनी स्ट्राइक ठरविले, अशी टीका त्यानंतर वर्षानुवर्षे होत राहिली. मार्लिन्सने सामना २-१ असा जिंकला. दोन्ही संघांच्या मिळून केवळ तीन धावा झाल्या.

आकड्यांचा चकवा

अशा उदाहरणांमुळे पंचनिहाय तक्ते लोकप्रिय झाले. अमुक पंचाच्या ३० सामन्यांपैकी १८ सामन्यांत धावा जाहीर आकड्याहून अधिक झाल्या, अशी नोंद पाहून अनेक जण त्या पंचाच्या पुढील सामन्यात 'अधिक'वर पैसे लावतात. चूक येथेच होते.

हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि ३० संघांचे मिळून २,४३० सामने होतात. पूर्णवेळ पंच ७६ आहेत. त्यामुळे एका पंचाच्या वाट्याला प्लेटमागे उभे राहण्याची संधी हंगामात तीसेक वेळाच येते. आता ७६ जणांनी प्रत्येकी ३० वेळा नाणे उडविले, असे समजा. संभाव्यतेच्या नियमानुसार त्यांपैकी तेरा-चौदा जणांना १८ किंवा अधिक वेळा छापा मिळेल. त्या नाण्यांत काहीही खोट नसेल. तक्त्यात ठळक दिसणारा पंचाचा 'कल' बहुतांशी अशाच योगायोगाचा असू शकतो.

शिवाय धावसंख्येवर इतर गोष्टींचा प्रभाव मोठा असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरील डेन्व्हरच्या मैदानात विरळ हवेमुळे चेंडू दूर जातो. शिकागोच्या रिग्ली फील्डवर वाऱ्याची दिशा बदलताच सामन्याचा रंग बदलतो. एखाद्या पंचाला अशा मैदानांवरील सामने अधिक मिळाले, तर तेथील धावा त्याच्या खात्यावर जमा होतात. कडेचा चेंडू अलगद झेलून तो स्ट्राइक भासविणाऱ्या कॅचरच्या कौशल्याचे श्रेयही अनेकदा पंचालाच चिकटते.

म्हणून जाणकार धावांचा तक्ता बाजूला ठेवून न खेळलेल्या चेंडूंवरील निर्णय तपासतात. २००७-०८ पासून प्रत्येक चेंडूचा मार्ग कॅमेऱ्यांनी टिपला जाऊ लागल्याने ते शक्य झाले. या नोंदींतून पंचांमधील फरक खरोखरच दिसतो. सर्व पंचांत आढळणारी एक सवयही दिसते. तीन बॉल झाले असून एकही स्ट्राइक नसेल, तर पंचांचा झोन रुंदावतो. दोन स्ट्राइक झाले असून एकही बॉल नसेल, तर तो आक्रसतो. मात्र मैदान, पिचर आणि कॅचर यांचा परिणाम वजा केल्यावर एका पंचामुळे पडणारा फरक बहुधा धावेच्या काही दशांशांपुरताच उरतो.

बाजारालाही ठाऊक

एवढ्या लहान फरकातून नफा मिळविणे कठीण आहे. अमेरिकेत अशा पैजेत सर्वसाधारणपणे १०० डॉलर जिंकण्यासाठी ११० डॉलर लावावे लागतात. म्हणजे नुकसान टाळण्यासाठीच १०० पैकी ५२ हून अधिक पैजा बरोबर याव्या लागतात.

पंचाचे नाव हे गुपितही नसते. चार पंचांचा गट सहसा एका मालिकेत एकत्र काम करतो आणि त्यांच्या जागा रोज बदलतात. आज पहिल्या बेसवर असलेला पंच दुसऱ्या दिवशी प्लेटमागे येतो. ही फिरती जशी पैज लावणाऱ्यांना कळते, तशीच ती कंपन्यांनाही कळते. जाहीर होणाऱ्या आकड्यात पंचाचा विचार आधीच झालेला असतो. सर्वांना माहीत असलेल्या माहितीचे मोल बाजारात उरत नाही.

विश्वासाचा प्रश्न

पंचाभोवती पैशाचे गणित मांडले जाऊ लागले की त्याच्या निःपक्षपातीपणाची जबाबदारीही वाढते. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमधील दुसऱ्या सामन्यात पंच पॅट होबर्ग यांचे बॉल-स्ट्राइकचे सर्व १२९ निर्णय अचूक ठरल्याचे विश्लेषकांनी दाखवून दिले होते. मेजर लीगने त्यांनाच सेवेतून दूर केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. बेसबॉलवर पैजा लावणाऱ्या मित्रासोबत त्यांनी पैजांची खाती सामायिक केली होती. त्यांनी स्वतः बेसबॉलवर पैज लावल्याचा किंवा सामन्यात फेरफार केल्याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही. तरीही केवळ संशयाला जागा राहणे खेळाला परवडणारे नव्हते.

आता यंत्रही मदतीला येत आहे. २०२६ च्या हंगामापासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देण्याची पद्धत लागू करण्यास सप्टेंबर २०२५ मध्ये संमती देण्यात आली. प्रत्येक संघाला दोन आव्हाने मिळतात आणि यशस्वी ठरलेले आव्हान संघाकडेच राहते. फलंदाज, पिचर किंवा कॅचर यांनाच ते देता येते. क्रिकेटमधील पायचीतच्या फेरविचाराशी ही पद्धत मिळतीजुळती आहे.

या पद्धतीतही बहुसंख्य निर्णय माणूसच देणार असल्याने पंचांचे स्वभाव पूर्णपणे पुसले जाणार नाहीत; पण मोक्याच्या क्षणी झालेली चूक सुधारता येईल आणि पंचा-पंचांतील आधीच लहान असलेला फरक आणखी आक्रसण्याची शक्यता आहे. पंचाचा कल जाणून घेतल्याने सामना अधिक डोळसपणे पाहता येतो, हे खरे. त्यावर पैसे लावणारा मात्र बहुतेक वेळा योगायोगालाच ज्ञान समजत असतो.