ससा कुत्र्याने धरला, मग गुन्हा कुणाचा?

"साहेब, मी कुठे मारला? कुत्र्याने धरला." सशाच्या शिकारीत सापडलेल्याचा हा ठरलेला बचाव. ऐकायला बिनतोड, पण कायद्यात त्याला जागा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नव्हे. पाठलाग करून पकडणं, हाकून काढणं, फासा किंवा वाघूर लावणं, आमिष टाकणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीच्या व्याख्येत येतं. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या बाजूला रात्री बॅटरीच्या उजेडात चार कुत्री सशामागे 'छू' केली आणि ससा करवंदीच्या जाळीत घुसून वाचला, तरी गुन्हा झालाच. भटक्या कुत्र्यांनी आपणहून ससा फाडला तर ती गोष्ट वेगळी, कारण तिथे कुणी माणसाने कुत्रं सोडलेलं नसतं.

"ससा काय, कुठेही उड्या मारतो, तो कसला संरक्षित?" हाही समज पक्का बसलेला. पूर्वी ससा कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि आता ससा व रानडुक्कर दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सशामागे सोडलेल्या कुत्र्याने वाटेत बिळातून घोरपड ओढून काढली, तर प्रकरण आणखी जड होतं. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, तिथे किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि वर निदान पंचवीस हजार दंड. आणि हो, हे अभयारण्यापुरतं नाही. स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या शेतातही ससा तुमचा नसतो.

आता हा कायदाच रद्द करा, असं म्हणणाऱ्यांकडे. "इंग्लंडमध्ये सुद्धा कुत्र्यांच्या शिकारीवरची बंदी उठवा म्हणतात, मग आपल्याकडे का नको?" हे वाक्य फेकणाऱ्याने दोन्ही कायदे वाचलेले नसतात. ब्रिटनचा २००४ चा हंटिंग ॲक्ट १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाला. त्याचा रोख पद्धतीवर आहे. घोड्यावर बसून कुत्र्यांच्या कळपाने कोल्हा फाडायला बंदी, पण कोल्ह्याला गोळी घालायला सरसकट बंदी नाही. त्याला झुडपातून बाहेर काढायला दोनपर्यंत कुत्री वापरायची सोयसुद्धा काही अटींवर ठेवलेली आहे. तिथला वाद म्हणूनच कुत्र्यांभोवती फिरतो. आपल्याकडे 'कुत्र्यांच्या शिकारीचा' असा निराळा कायदाच नाही. बंदी शिकारीवर आहे. कुत्रा, भाला, बेचकी, गावठी बॉम्ब ही नुसती साधनं. तेव्हा रद्द करायचं म्हटलं तर १९७२ च्या कायद्याचा कणाच काढावा लागेल.

शिकारी जातीचं कुत्रं पाळायला मात्र कुणी अडवलेलं नाही. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ज्या जातीला नाव मिळवून दिलं, त्या मुधोळ कुत्र्याचं टपाल तिकीट भारत सरकारनेच जानेवारी २००५ मध्ये काढलं, म्हणजे ब्रिटनची बंदी लागू व्हायच्या महिनाभर आधी! पुढे लष्करानेही ही जात प्रशिक्षणासाठी घेतली. आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याचंही तेच. पाळा, पळवा, मिरवा. वन्यप्राण्यावर सोडू नका, एवढंच.

"आदिवासींना मुभा आहे" हा समज जास्त नाजूक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजासकट बरेच हक्क दिले, पण परंपरागत हक्कांच्या त्याच कलमात शिकार आणि सापळे स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. देशात अपवाद आहे तो निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचा. बदलापूर-वांगणीकडच्या वाडीतला कातकरी भाताच्या बांधावर साधा उंदीर खणून काढतो, त्याला हा कायदा हात लावत नाही, सशाला लावतो. माझ्या मते कायद्याने इथे एक अन्याय नक्कीच केला. पोटासाठी कुत्रं घेऊन निघणारा आणि शनिवारच्या मौजेसाठी जीप घेऊन येणारा, दोघांना त्याने एकाच ओळीत बसवलं. पण त्यावर उतारा म्हणून बंदी उठवली, तर रान आधी जीपवाल्याला मोकळं होईल.

राहिलं रानडुक्कर, आणि खरी तक्रार इथेच आहे. लोंबी भरल्यावर डुकरांचा कळप एका रात्रीत खाचरात लोळून जातो. खातो थोडं, तुडवतो फार. शेतकरी चिडून कुत्री सोडतो. नराच्या सुळ्याने कुत्र्याचं पोट फाटतं, कळप बिथरून शेजारच्या शेतात शिरतो आणि दुसऱ्या रात्री परत येतो.

"डुक्कर उपद्रवी ठरलंय, मारलं तरी चालतं" ही चुकीची माहिती. बिहारमध्ये २०१५ साली आणि उत्तराखंडमध्ये २०१६ साली केंद्राने काही भागांत, ठरावीक मुदतीसाठी तसं जाहीर केलं होतं, त्यावरून हे पसरलं असावं. वालधुनी नदीच्या काठाने उल्हासनगरात हिंडणारी डुकरं पाळीव असतात. तीही उचलून कुणी 'रानडुक्कर मारलं' म्हणून मिरवतो, तेव्हा प्रश्न वन्यजीव कायद्याचा नसून मालकाचा असतो.

कायद्याच्या कलम ११ मध्ये शेतकऱ्यासाठी दार ठेवलेलं आहे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी जीवाला किंवा उभ्या पिकाला धोका ठरला, तर अधिकृत वनाधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. पीकनुकसानीची भरपाईही वनखातं देतं, पंचनामा वेळेत झाला तर. मागणी करायचीच तर या दोन कागदांना वेग यावा म्हणून करावी. रात्री तुडवलेल्या खाचराचा निकाल पुढच्या हंगामात लागत असेल, तर दार असून उपयोग काय?

परवानगी हातात आल्यावरही एक चूक हमखास होते. लेखी आदेशाने मारलेलं डुक्कर सरकारच्या मालकीचं असतं. त्याच्या मटणाचे वाटे पाडणारा, सकाळपर्यंत कायदेशीर शिकारी असला तरी, दुपारी आरोपी होऊ शकतो.