मोटारगाडीच्या रंगलेपावरील टवके

धावत्या मोटारगाडीवर खडे आदळल्याने तिच्या रंगलेपाचा लहानसा भाग सुटून निघतो, त्यास टवका उडणे असे म्हणतात. बॉनेट, छताची पुढील कड, दारांचा खालचा भाग व मडगार्डांच्या कडा यांवर टवके विशेष आढळतात. आदळणाऱ्या खड्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ताशी ४० किमी.ऐवजी ८० किमी. वेगाने झालेल्या आघाताची ऊर्जा चौपट असते. पुणे–नाशिक महामार्गासारख्या रस्त्यावर पुढील वाहनाच्या चाकांखालून उडालेले खडे, तर पारगावसारख्या (ता. आंबेगाव, जि. पुणे) ग्रामीण भागांतील रस्त्यांवर डांबरीकरणानंतर सुटी राहिलेली खडी, ही टवक्यांची नेहमीची कारणे होत.

रंगलेपाची रचना : मोटारनिर्मितीच्या कारखान्यांत (उदा., पुणे जिल्ह्यातील चाकण येथील) पोलादी सांगाडा प्रथम स्वच्छ करून त्यावर रासायनिक संस्कार करतात. नंतर विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने गंजरोधक लेप बसवितात. त्यावर सामान्यतः अस्तर (प्रायमर), रंगीत लेप व शेवटी पारदर्शक लेप देतात. सर्व थरांची एकूण जाडी केवळ ०·१ ते ०·१५ मिमी. असते. रंगीत लेपास चकाकी नसते; ती ०·०४ ते ०·०५ मिमी. जाडीच्या पारदर्शक लेपामुळे येते. हे थर भट्टीत सु. १४० ते १८०° से. तापमानास पक्के करतात. प्लॅस्टिकचे भाग व विजेच्या तारा बसविलेल्या तयार गाडीस एवढी उष्णता देता येत नाही. म्हणून कारखान्यातील लेप एकदा घासून गेला, की तो तसाच पुन्हा बसविता येत नाही. दुरुस्ती टवक्यापुरतीच मर्यादित ठेवावी, हे तत्त्व यातूनच निघते.

परिणाम : टवका अस्तरापर्यंतच गेला असल्यास हानी मुख्यतः दिसण्यापुरती असते. पत्रा उघडा पडल्यास पावसाळी हवेत किंवा समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यात तो गंजतो आणि गंज रंगाखाली पसरून लेप फुगतो. जस्तलेपित पत्र्यात ही क्रिया मंदावते. प्लॅस्टिकच्या बंपरला गंजाचे भय नसते.

दुरुस्ती : गाडी धुऊन टवक्यातील मेण व तेलकटपणा विद्रावकाने काढतात. सुटलेल्या कडा व गंज बारीक टोकाने खरवडतात. उघड्या पत्र्यावर प्रथम गंजरोधक अस्तर लावतात. नंतर गाडीवरील पट्टीवर दिलेल्या संकेतांकानुसार निवडलेला रंग बारीक कुंचल्याने वा काडीच्या टोकाने खळग्यातच भरतात. विद्रावक उडून गेल्यावर रंग आकसतो. म्हणून एका जाड थेंबाऐवजी अनेक पातळ थर द्यावे लागतात व प्रत्येक थर वाळू द्यावा लागतो. शेवटी पारदर्शक लेप देऊन तो सभोवतालच्या पृष्ठाच्या किंचित वर ठेवतात. पूर्ण कठीण झाल्यावर फक्त हा उंचवटा २,००० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून सपाट करतात व पॉलिश करतात.

पूर्वीच्या एकाच रंगीत लेपाच्या गाड्या वारंवार घासून चकचकीत करता येत. आजच्या गाडीत तसे केल्यास पारदर्शक लेप झिजून उन्हात रंग निस्तेज होतो. टवके दाट असल्यास मात्र पूर्ण भाग रंगविणेच योग्य ठरते. त्यासाठी वापरावयाच्या द्विघटकी रंगांच्या कठिणकात आयसोसायनेटे असतात. त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. म्हणून हे काम योग्य श्वसनसंरक्षक साधने असलेल्या कार्यशाळेतच करवून घ्यावे.